फोटोसाठी विणलेली खुर्ची

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले असेल, पण माझ्यावर बसलेले मात्र कुणीच नसेल. मी एक जुनी खुर्ची आहे. चौकट लाकडाची, पाठ आणि बैठक वेताची. सध्या माझी बैठक अर्धीच विणलेली आहे आणि उरलेल्या अर्ध्यातून खालची फरशी दिसते. ती पूर्ण होण्याची आशा मी सोडली आहे. हे कसे झाले ते सांगते. रडगाणे वाटले तर वाटू द्या. खुर्चीच्या जन्माला येऊन आजवर मी सगळ्यांचे ऐकूनच घेतले आहे.

मला घडवणाऱ्या कारागिराला दोन मुली होत्या. त्या त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. रस्त्याला लागून असलेल्या एका लांबट खोलीत त्यांचे दुकान होते. लोक खचलेल्या खुर्च्या घेऊन यायचे आणि बाबा त्यांच्या बैठका नव्याने विणून द्यायचे. मी मात्र विकायला केलेली नव्हते. धाकटी मुलगी तान्ही असताना तिच्या आईला तिला घेऊन आरामात बसता यावे, म्हणून बाबांनी मला बनवले आणि माझे हात मुद्दाम थोडे बुटके ठेवले. पुढे मी दुकानात आले. काम होईपर्यंत गिऱ्हाईक माझ्यावर टेकायचे. कुणी विणीबद्दल शंका काढली, तर बाबा त्याला उठवून माझी बैठक दाखवायचे आणि त्याचे तोंड बंद व्हायचे. ते दिवस माझ्या मानाचे होते.

बाबा गेल्यावर थोरलीने, म्हणजे ताईने, दुकान हातात घेतले. वेताच्या पट्ट्या भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून उभ्या-आडव्या ओवायच्या आणि मग तिरप्या घेऊन जाळी घट्ट करायची, एवढेच तिचे जग. दुसरे काम तिला येत नव्हते आणि नकोही होते. धाकटी एका कचेरीत टेलिफोनवर बसायची. पण हळूहळू दुकानात येणाऱ्या खुर्च्या कमी झाल्या. बैठक खचली की लोक खुर्चीच टाकून द्यायला लागले. ताई दिवसदिवस रस्त्याकडे बघत बसायची. तिचे ते बसणे धाकटीला बघवेना. शेवटी ती नोकरी सोडून दुकानात आली आणि म्हणाली, लोकांना आपण माहीतच नाही, ते माझ्यावर सोड.

मोबाइलमध्ये म्हणे फोटो ठेवण्याची एक जागा असते. तिथे माणसे फारशी बोलत नाहीत, नुसती शोधतात. एखादा शब्द लिहिला की तो शब्द ज्या फोटोंखाली लिहिला असेल, ते सगळे फोटो समोर येतात. फोटो कितीही देखणा असो, त्याखालचा शब्द चुकला तर त्याला कुत्रे विचारत नाही. म्हणून लोक कोणते शब्द लिहितात हे आधी शोधायचे. हे सगळे मला ठाऊक आहे, कारण धाकटी रोज सकाळी माझ्यावरच बसून हा उद्योग करायची. ती ‘खुर्ची’ एवढेच लिहून थांबे, आणि लोक त्यापुढे काय काय लिहितात ते मोबाइलच तिला सुचवत असे. ते ती मोठ्याने वाचून दाखवायची आणि ताई हातातले काम थांबवून ऐकायची.

‘वेतकाम’ हा आमचा शब्द कुणीच शोधत नव्हते. ताईचा चेहरा एवढासा झाला. ‘खुर्ची’ या शब्दावर तर जगातल्या सगळ्या खुर्च्या तुटून पडलेल्या, तिथे आमचा काय पाड लागणार? सगळ्यात जास्त लोक लिहीत होते, ‘घरच्या घरी खुर्ची कशी विणावी’. आणि अगदी तळाला, अंग चोरून बसल्यासारखे, ‘खुर्ची विणून देणारे कारागीर’.

“हे तर चार टाळकीच शोधतायत,” धाकटी हसत म्हणाली.

“मग त्यांच्यासाठी कशाला जीव काढायचा? गर्दी आहे तिथंच जाऊ की,” ताई म्हणाली.

दोघींना ते पटले. खोटे कशाला बोलू, मलाही पटले. गर्दीचे आकर्षण खुर्चीलाही असते.

दुसऱ्याच दिवशी ताईने माझी धडधाकट बैठक सुरीने कापून काढली. ती बाबांच्या हातची होती. मला उचलून खिडकीपाशी उन्हात ठेवले आणि नवी वीण सुरू झाली. ताई एक पट्टी ओवायची आणि बाजूला व्हायची, धाकटी फोटो काढायची. कोणती पट्टी आधी, पट्टी धरून ठेवायला कुठल्या भोकात खुंटी ठोकायची, कुठे ओढायचे आणि कुठे सैल सोडायचे, एकही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. प्रत्येक फोटोखाली गर्दीचे शब्द लिहिले, आणि गर्दी खरेच आली. हजारो लोकांनी ते फोटो स्वतःपाशी जपून ठेवले. कौतुकाचे संदेश यायला लागले. जिला आयुष्यभर कुणी पाठीमागे उभे राहून शाबास म्हटले नव्हते, त्या ताईला आभाळ ठेंगणे झाले. ती कामाला बसताना केस नीट करू लागली. फोटोत तिचे फक्त हातच दिसायचे, तरीही.

लोकांना सगळ्यात जास्त माझा अर्ध्या विणीचा फोटो आवडतो, हे धाकटीच्या ध्यानात आले. पूर्ण झालेली खुर्ची लोक बघून सोडून देत. मग काय विचारता? अर्धी विणायची, फोटो काढायचे आणि कापून टाकायची. कधी पांढरा वेत, कधी रंगवलेला. थंडीत लोक ‘उबदार कोपरा’ शोधतात म्हणून माझ्या हातावर लोकर टाकून फोटो झाले. मला कुणी बसायला घेईनासे झाले, कारण बसण्याजोगी मी राहिलेच नव्हते.

दुकानात मात्र एकही खुर्ची येत नव्हती. ताईने दोन-तीनदा विचारले. आधी नाव तर होऊ दे, मग रीघ लागेल, असे धाकटी म्हणायची. नाव होतच होते, त्यामुळे ताई पुन्हा विणायला बसायची.

एका दुपारी एक बाई हसतमुखाने आत आल्या आणि थेट माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हीच ना ती फोटोतली. दोघींचा जीव भांड्यात पडला. धाकटी पाणी आणायला धावली, ताईने हात पुसले. बाई भरभरून बोलत होत्या. त्यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या खचल्या होत्या. त्या विणून देणारे कुणीतरी शोधतच होत्या, तेवढ्यात आमचे फोटो दिसले. मग त्यांनी त्या सगळ्या स्वतःच विणल्या. आता शेजारणीही त्यांच्याकडे शिकायला येतात. वेताच्या सुट्या पट्ट्या मिळतील का, एवढेच विचारायला त्या आल्या होत्या.

“नुसते फोटो बघून जमलं तुम्हाला?” ताईने विचारले.

“अगदी सहज. तुम्ही इतकं छान दाखवलंय, कुणाला काही विचारायची वेळच आली नाही.”

ताईने पट्ट्यांची एक जुडी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. त्या आभार मानत निघून गेल्या. धाकटी पाण्याचा पेला धरून तशीच उभी राहिली. मग तिने मोबाइल उघडून ते कौतुकाचे संदेश पहिल्यापासून वाचायला घेतले. तेच संदेश, पण आता त्यांचा अर्थ कळत होता. आम्ही विणली, आम्हाला जमली, आता बाहेर द्यायची गरज नाही.

“ताई, हे गिऱ्हाईक नव्हतंच गं,” ती म्हणाली. “हे सगळे आपलं काम शिकायला आले होते.”

“आणि मी शिकवलं,” ताई म्हणाली. तिने त्या दिवशी पुढे काहीच केले नाही.

धाकटीने नंतर धडपड करून पाहिली. तळाशी पडलेले ते कारागिराचे शब्द तिने नव्या फोटोंखाली लिहिले. पण आमची ओळख आता घरच्या घरी शिकवणाऱ्या बहिणी अशीच झाली होती. कुणी कारागीर शोधला, तरी त्याच्यासमोर आमचेच जुने धडे यायचे आणि तो माणूस सुरी-खुंटी घेऊन स्वतःच बसायचा. ज्यांना खरोखर ताईची गरज होती, त्यांनाही आम्ही परतवून लावले. अखेर दुकान बंद झाले. ताई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या घड्या घालायला जाऊ लागली. धाकटीला मात्र जाहिराती करणाऱ्या एका कचेरीने बोलावून नेले. हजारो लोकांनी जपलेले फोटो म्हणजे तिची हुशारी, असे त्यांचे मत पडले. पत्र आले तेव्हा ती माझ्या हातावर डोके ठेवून रडली, पण नोकरी तिने घेतली. घर चालवायचे होते.

जाताना ती मला घेऊन गेली. मी आता त्या कचेरीच्या दाराशी उभी असते, अर्ध्या विणीची. येणारे-जाणारे माझा फोटो काढतात. रोज कुणीतरी माझ्यावरची धूळ पुसते, तरीही माझ्याइतकी टाकून दिलेली खुर्ची तुम्हाला सापडायची नाही.

परवा ताई आली. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या कपड्यांतच. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भिजवलेल्या पट्ट्या तिने पिशवीतून काढल्या आणि ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने पहिली पट्टी ओवली, दुसरी ओवली. किती महिन्यांनी तिचे हात मला लागत होते! इतक्यात धाकटी आतून लगबगीने आली आणि खाली बसून हळूच म्हणाली, “ताई, नको गं. त्यांना ती अशीच हवीय.”

“मग हिच्यावर बसायचं कसं?”

“बसायला तिकडे सोफा आहे ना.”

ताईने ओवलेल्या दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या. धाकटीच्या गालावरून हात फिरवला आणि सोफ्याकडे न बघता ती निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी खचलेली खुर्ची असेल, तर तिचा फोटो काढत बसू नका. ती विणणारा माणूस शोधा. कमी लोक शोधतात म्हणून त्याला कमी समजू नका, आणि तो आहे तोवरच त्याच्याकडे जा. फक्त आमच्या ताईला शोधत येऊ नका. ती आता विणत नाही.