सारखे निघाले म्हणून बाद

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हस्तकला प्रदर्शनाच्या परीक्षकबाईंनी सतरा नंबरच्या मोज्यांना लाल चिठ्ठी लावली. यंत्रावर विणलेले, बाद.

मोजे दोन जावांचे होते. थोरली लोकर रंगवते, धाकटी विणते. त्यासाठी तिच्याकडे वीतभर लांबीची एक लाकडी चौकट आहे, तिच्यावर अठ्ठेचाळीस खुंट्या, आणि सोबत वाकड्या टोकाचा एक आकडा. खुंटीला लोकरीचा वेढा द्यायचा, खालचा वेढा आकड्याने उचलून वरच्यावरून टाकायचा. एका फेरीला हे अठ्ठेचाळीस वेळा. चौकटीला चाक नाही, वीज लागत नाही. हिला यंत्र म्हणायचं तर कंगव्यालाही म्हणावं लागेल.

निवडलेल्या विणकामाला प्रदर्शनाच्या दालनात वर्षभर विक्रीचं टेबल मिळणार होतं. टेबल एकच होतं, आणि धाकटीला ते हवं होतं.

"बाई, यात यंत्र कुठे दिसलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पट्टे बघा. या मोज्यात निळा जिथे संपतो, तिथेच त्याही मोज्यात. एका ओळीचा फरक नाही. हाताने रंगवलेल्या लोकरीत असं होत नाही. वीस वर्षं परीक्षण करतेय मी."

"वीस वर्षांत कुणी नीट केलंच नसेल," थोरली म्हणाली.

"ताई, तुम्ही जरा थांबा," बाई म्हणाल्या.

"का थांबू? हे बघा माझे हात. कोपरापर्यंत निळे. यंत्राला आंघोळ घालत होते काय मी?"

थोरली दोन खुर्च्यांच्या पाठींभोवती दोन धागे जोडीने गुंडाळते आणि ती जोडलड एकत्रच, भागाभागाने वेगवेगळ्या रंगांत बुडवते. मग धागे वेगळे करून दोन्हींच्या सुरुवातीला गाठ मारते. धाकटी दोन्ही मोजे त्या गाठीपासून विणते, म्हणून पट्टे जुळतात. आधीच्या जोडीचे पट्टे बोटभर चुकले होते, म्हणून तिने ती जोडी टाचेपर्यंत उसवली. तशीच आणली असती तर पास झाली असती.

प्रदर्शनाचे सचिव मध्ये पडले. "पुढच्या वेळी थोडा फरक राहू द्या की. कुणाचं काय जातंय?"

"म्हणजे मुद्दाम बिघडवू?" धाकटी म्हणाली.

"तसं नाही हो. हाताचं वाटलं पाहिजे."

धाकटीने पिशवीतून चौकट आणि नवी जोडलड काढली, परीक्षकबाईंच्या टेबलासमोर खुर्ची ओढली. "दोन मोज्यांची नुसती तोंडं विणते, चार-चार पट्टे. तुमच्यादेखत. नाही जुळले तर चिठ्ठी मी माझ्या हाताने लावते."

बाईंनी घड्याळ पाहिलं. निकाल पाचला होता. "बसा," त्या म्हणाल्या.

पहिलं तोंड पावणेएकला उतरलं. बाई जेवायला गेल्या तशी धाकटीने आकडा खाली ठेवला.

"अगं, विण ना. वेळ जातोय," थोरली म्हणाली.

"कुणी बघत नसताना विणलं तर म्हणतील घरून आणलं."

बाई सव्वादोनला आल्या, तीनला पाहुणे आले म्हणून उठल्या, साडेतीनला परत आल्या, चारला चहाला गेल्या. प्रत्येक वेळी आकडा थांबला.

"बाई कुठे आहेत?" थोरलीने सचिवांना तिसऱ्यांदा विचारलं.

"ऑफिसात. निकाल लिहितायत."

"इकडे न बघताच?"

सचिव पुढच्या टेबलाकडे वळले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी दुसऱ्या तोंडाचे दोन पट्टे झाले होते. थोरलीने ते पहिल्याशेजारी धरले. ओळीला ओळ लागत होती. समोरची बाईंची खुर्ची रिकामी होती, आणि सतरा नंबरवरची चिठ्ठी अजून कुणी काढली नव्हती.