उजवा दिवा का टिकेना?

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा डावा डोळा आहे. म्हणजे तिचा पुढचा डावा दिवा. त्या मोटारीला घरात सगळे ‘म्हातारी’ म्हणतात, पण तिच्यादेखत नाही. ऐकले तर ती रुसते आणि सुरूच होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, तिच्या पोटात केसासारख्या तारेचे वेटोळे, थोडा कोंडलेला वायू आणि खाली पत्र्याचे बूड, एवढाच माझा पसारा. यंत्राच्या चिमट्यांनी मला घडवले. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला उचलून पाहिले, तेही पांढरे हातमोजे घालून. मला वाटले, आपण फारच बडी असामी असणार, म्हणून कोणी हात लावायला धजत नाही! काचेचा दिवा झाला तरी डोक्यात हवा जायची ती जातेच.

मग मला म्हातारीच्या डाव्या खोबणीत बसवले आणि माझ्या जुळ्या भावाला उजव्या. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे रस्ते उजळले. डबक्यातले बेडूक पाहिले, भिंतीवर बसलेल्या मांजरांचे हिरवे डोळे पाहिले. स्वभाव माझा भारी चौकस. तो वळणापलीकडचा खांब वाकडा का? त्या बंद दुकानात राहते कोण? प्रश्न पडायचा आणि तेवढ्यात गाडी पुढे निघून जायची.

आमचे घर चष्मेवाल्यांचे. बाबा काचा घासून चष्मे बनवतात. आई दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. पहाटे दुधाचे टँकर येतात, त्याआधी तिला तिथे पोचावे लागते, कारण तिने तपासल्याशिवाय दुधाचा थेंबही आत घेत नाहीत. त्या वेळी बस नसते. कालव्याकाठचा रस्ता धुक्याने भरलेला असतो. पुष्कळ वर्षे घरी काढल्यावर तिला ही नोकरी मिळाली होती आणि तिचा त्या कामावर फार जीव होता. तिसरी त्यांची मुलगी. तिला घरात ‘प्रश्नावली’ म्हणतात. का म्हणतात, ते तुम्हांला कळेलच.

एके दिवशी माझा भाऊ विझला. त्याचे वय झाले होते, तार झिजून तुटली. मला फार वाईट वाटले. बाबा म्हणाले, “एवढ्याशा कामाला गॅरेज कशाला? मी बदलतो.” त्यांनी बॉनेट उघडले, मागचा प्लग ओढला, रबराची टोपी काढली, तारेची पकड सोडवली आणि भावाला बाहेर घेतले. नव्या दिव्याच्या खोक्यावर एका हाताचे चित्र होते आणि त्यावर फुली मारलेली होती.

“बाबा, हा हात कुणाचा?” प्रश्नावलीने विचारले.

“लहान मुलांचा. तुम्ही लुडबुड करू नये म्हणून छापलंय. हो बाजूला!”

मग बाबांनी जे केले ते फक्त चष्मेवालाच करील. त्यांनी नवा दिवा उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिला, त्यावर ‘हाऽऽ’ करून वाफ सोडली, रुमालाने पुसला आणि शेवटचा हात म्हणून अंगठा फिरवला. दुकानातली प्रत्येक काच ते अशीच गिऱ्हाइकाच्या हाती देतात. “काच कशी, आहे की नाही असं वाटलं पाहिजे!” ते म्हणाले. दिवा झकास लागला. आईने टाळ्या वाजवल्या. मला मात्र जरा हेवा वाटला. माझे असे लाड कधी कोणी केले नव्हते.

आठवडाभरात तो नवा दिवा विझला.

बाबांनी दुसरा आणला. “माल हलका असणार,” असे पुटपुटत त्यांनी याला अधिकच मायेने पुसले, दोनदा अंगठा फिरवला. तो आधीच्याहूनही लवकर गेला. मी चक्रावून गेलो. वीज तीच, खड्डे तेच, पाऊस तोच. मग मी म्हातारा तग धरून आहे आणि हे तरणेबांड का टिकत नाहीत?

तिसरा दिवा आणायच्या आत ती पहाट उजाडली. धुके दाट होते आणि आईसोबत मी एकटाच जळत होतो. समोरून ट्रक आला. त्या चालकाला माझा एकच उजेड दिसला. त्याला वाटले, कडेने एखादी मोटरसायकल येते आहे, म्हणून तो बिनधास्त मधोमध आला. आईने कचकन गाडी डावीकडे घेतली. ट्रक आरशाला चाटून निघून गेला. म्हातारी कालव्याच्या कठड्याशी थांबली आणि बराच वेळ हलली नाही. मी समोरच्या पाण्याकडे पाहत राहिलो. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

संध्याकाळी घरापुढे दोघांचे बोलणे झाले.

“बस्स झालं,” बाबा म्हणाले. “हिच्या वायरिंगमध्येच खोट आहे. दिवेच खाते ही. उद्याच गिऱ्हाईक बघतो आणि विकून टाकतो.”

“अहो, आणि मी कामावर कशी जाऊ? पहाटे मला कोण नेणार?”

“अगं, आज थोडक्यात निभावलं. तुझ्या जिवापेक्षा नोकरी मोठी आहे का?”

“नाही. पण गाडी गेली की नोकरी गेली. मला ती सोडायची नाहीये,” आई म्हणाली. दोघेही खरेच बोलत होते, म्हणून कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

प्रश्नावली तेवढ्यात घरात पळाली. बाहेर आली ती बाबांचे भिंग आणि विझलेले तिन्ही दिवे घेऊन. पायरीवर फतकल मारून तिने एकेक दिवा भिंगाखाली धरला.

“बाबा, या जुन्याची काच सगळीकडे सारखीच काळपट आहे. पण या दोन्ही नव्यांवर एकाच जागी पांढरा डाग का? आणि तिथेच काच फुगलीये का?”

“असेल काहीतरी.”

“डागात रेघा आहेत. आणि मधून एक आडवी चीर गेलीये. बाबा, तुमचा अंगठा दाखवा बरं.”

बाबांच्या उजव्या अंगठ्यावर घासणीच्या चाकाने झालेली जुनी आडवी खूण आहे. त्यांनी अंगठा पुढे केला, दिव्याकडे पाहिले, पुन्हा अंगठ्याकडे पाहिले. मग भिंग स्वतःच हाती घेतले.

“चष्म्याची काच तापत नाही,” शेवटी ते हळूच म्हणाले. “ही तव्यासारखी तापते. बोटाचं तेल राहिलं तिथे ती जास्त तापली, आणि फुगली. म्हणजे मीच... आणि मी बिचाऱ्या म्हातारीला विकायला निघालो होतो!”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” आई म्हणाली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

“आणि बाबा, तो फुली मारलेला हात लहान मुलांचा नव्हता!” प्रश्नावलीने बजावले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एक नाही, दोन दिवे आणले. माझाही उजेड पिवळा पडला होता, तेव्हा जोडीच बदलायची ठरली. या खेपेस त्यांनी स्वच्छ हातमोजे घातले आणि दिवा फक्त बुडाशी धरला. काच समोर चमकत होती, त्यांचा अंगठा नुसता शिवशिवत होता. “हं! हात मागे,” प्रश्नावली ओरडली. हाताशी आलेली काच न पुसता बसवणे ही त्यांच्या जन्मातली पहिलीच वेळ असावी. बिचाऱ्यांना घाम फुटला.

मग माझी पाळी आली. मला बाहेर काढले तेव्हा वाटले, संपले, आता कचऱ्याची पेटी. पण मी निवेपर्यंत बाबा थांबले. त्यांनी हातमोजा काढला, मला उघड्या तळहातावर घेतले, ‘हाऽऽ’ करून वाफ सोडली आणि माझ्या काळवंडलेल्या काचेवरून सावकाश अंगठा फिरवला. “तुला आता काही होत नाही रे,” ते म्हणाले. मित्रांनो, इतक्या वर्षांत माणसाचा हात मला तेव्हा पहिल्यांदा लागला. तो कोमट होता आणि जरासा खरखरीत.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. अजून अंधार असतानाच आई निघते आणि बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहतात. पावसाळा संपून थंडी आली, तरी म्हातारीचे दोन्ही डोळे लख्ख आहेत. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले की मगच बाबा चहा ठेवतात.

तुमच्या घरी असा दिवा बदलायचा असेल, तर खोक्यावरचे चित्र आधी नीट पाहा आणि माझ्या भावंडांच्या काचेला बोट लावू नका. लाड करायचे तर आम्ही विझल्यावर करा. जळत असू तोवर आमच्यावर एकच माया करा, हात जरा मागे ठेवा. आमच्या उजेडात कोणाची तरी आई गाडी चालवत असते.