परक्या तंबूतले कांदे

येशीमेबेतला, म्हणजे येशीला, उत्तर द्यायचं होतं ते एका शब्दाचं, हो किंवा नाही, आणि त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ होता. तिच्या नवऱ्याची, अस्मामावची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस झालं तर माणूस जगेल, नाहीतर महिना-दीड महिना, असं देसे शहरातल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. जवळपास कुठल्याच यंत्रावर जागा नव्हती. जागा मिळाली ती थेट हवासाला, बसने दोन दिवसांच्या वाटेवर. त्यांची मुलगी मेस्ताऊत तिथल्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या कामावर होती आणि तिने कुणाकुणाचे पाय धरून ती मिळवली होती. शुक्रवारी पाचपर्यंत होकार गेला नाही, तर यादीतला पुढचा माणूस त्या यंत्रावर जाणार होता.

म्हणजे मेर्सा गावातलं घर बंद करायचं आणि एक मुलगी सोडली तर जिथे ओळखीचं कुत्रंही नाही अशा शहरात राहायला जायचं. किती दिवस, तर अस्मामाव असेल तेवढे दिवस. तो किती दिवस असेल, हे डॉक्टर सांगत नव्हते.

आता कुणी म्हणेल, यात एवढा विचार कसला, जीव मोठा की घर मोठं? असं म्हणणारा आमच्याकडचा नसणार. घराला कोण रडतंय! प्रश्न किरेचा होता. मेर्सातलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या किरेत असतं. घरात मयत झालं की किरेची माणसं तंबू ठोकतात, बाकं आणतात, खड्डा खणतात, खांदा देतात आणि तीन दिवस घरच्यांना चूल पेटवू देत नाहीत. मग घर ख्रिस्ती असो नाहीतर मुसलमान. एकतीस वर्षं येशी प्रत्येक मयताला मोठ्या पातेल्यापाशी उभी राहिली होती. शेवटची बरीच वर्षं तर पळी तिच्याच हातात असे. माणूस इतरांच्या मरणाला एवढा राबतो तो कशासाठी, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, पण आपल्या वेळेला दार रिकामं राहू नये एवढंच त्यामागे असतं.

आणि किरेचा नियम असा, की घराला कुलूप लागलं की महिन्याभरात नाव कटतं. हा नियम बारा वर्षांपूर्वी भर बैठकीत मांडला होता खुद्द अस्मामावने. लोक राजधानीला, अदिसला, नाहीतर अरबांच्या देशात जाऊन बसतात, तिकडेच कमावतात, तिकडेच खातात आणि मरायला तेवढे मेर्सात येतात, आमचे खांदे काय फुकटचे आहेत का, असं तो तावातावाने म्हणाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. येशीनेही वाजवल्या होत्या.

तिने सगळ्यांना विचारून पाहिलं. किरेचे प्रमुख, म्हातारे यिमाम, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, की नियम मोडता येत नाही आणि जाऊ नका असंही माझ्या तोंडून निघत नाही. पाद्रीबाबांनी सगळं देवावर सोपवलं. त्यांना तेवढं बरं जमतं. शेजारची अन्शा, जिला आजवर कुठल्याही विषयावर गप्प बसता आलेलं नाही, ती या बाबतीत मूग गिळून बसली आणि दुसऱ्या दिवशी कॉफीच्या बियांची पुडी ठेवून गेली. जो तो अंग काढून घेत होता. येशीला त्यांचा राग येत नव्हता. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं.

राग आला तो अस्मामावचा. या माणसाने पस्तीस वर्षं मेर्साच्या बसथांब्यावर गाड्यांना माणसं भरली होती. देसे, वोल्दिया, मेकेले, अदिस, असा गळा काढून ओरडायचा, की डोंगरावरच्या बाईला वाटावं आपल्यालाच बोलावतोय. कुणी कुठे जावं, कुठल्या गाडीने जावं, कुठे बसावं, सगळ्यात याचं तोंड. स्वतः देसेच्या पुढे गेला नाही ते सोडा. आणि आता स्वतःच्या जिवाचं विचारलं तर म्हणे, "तू म्हणशील तसं," आणि तोंड भिंतीकडे. ती एकदा भडकून म्हणाली, "अहो, मी काय देव आहे?" त्याचे पाय इतके सुजले होते, की तिला लगेच आपल्या बोलण्याची लाज वाटली.

शेवटी मेस्ताऊतने भाड्याचे पैसे पाठवले. आई, एकदा येऊन बघ तरी, मग काय ते ठरव, असा निरोप होता. अन्शाने अस्मामावला सांभाळायचं कबूल केलं आणि येशी मंगळवारी संध्याकाळी हवासाला उतरली.

सपाट गाव. डोंगर नाही, थंडी नाही, घामाने पाठीला चिकटलेला कपडा दिवसभर सुटत नाही. रस्त्याने निळ्या बजाज रिक्षा माशांसारख्या घोंघावत होत्या आणि त्यातल्या कुठल्याच रिक्षावाल्याला ती कुणाची कोण हे जाणून घ्यायचं नव्हतं. मेस्ताऊतची खोली एका आवारात सहा खोल्यांच्या रांगेत होती. पोरीने बापासाठी खाट आणून ठेवली होती, नवी चादर घातली होती. येशीने चादरीवरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, तू इथल्या कुठल्या किरेत आहेस?

"इथे इदिर म्हणतात," मेस्ताऊत म्हणाली. "आणि मी कशातच नाही. दिवसभर कामावर असते, आई. कुणाच्या दारात जायला वेळ कुठे आहे?"

"आणि तुला काही झालं तर?"

"तर काय, इस्पितळातच असते की मी."

पोरगी हसली. येशीला हसू आलं नाही.

बुधवारी तिने घरमालकिणीला गाठलं. बाई बोलकी होती. इदिर आहे, चांगलं आहे, गल्लीतली बहुतेक घरं त्यात आहेत, तुम्हीही नाव घाला, म्हणाली. फक्त नाव घातल्यावर पहिले सहा महिने इदिर तुमच्या दारात उभं राहत नाही. त्यानंतर तुम्ही त्यांचे आणि ते तुमचे.

येशी खोलीत येऊन खाटेवर बसली. मेर्सातलं नाव महिन्याभरात कटणार आणि इथलं सहा महिन्यांनी लागणार. मधले पाच महिने अस्मामाव कुणाचाच नसणार. त्या पाच महिन्यांत काही झालं, तर दोन बायका, एक पेटी आणि भाड्याने आणलेले चार हमाल. हे चित्र तिला दिसलं आणि तिने ठरवून टाकलं. नाही म्हणायचं. घरी महिना तर महिना, पण आपल्या माणसांत. उद्या पोरीला सांगू. त्या दिवशी तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी सकाळी अन्शाच्या फोनवरून अस्मामावचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. मेस्ताऊत कशी आहे, खोलीला खिडकी आहे का, हे विचारून झालं.

"तळं बघितलंस?"

"तळं कशाला बघू? मी काय फिरायला आलेय?"

"मोठं आहे म्हणतात. मेकेलेच्या गाडीचा एक ड्रायव्हर सांगायचा. काठाला मोठाली झाडं आहेत, खाली दगड आहेत बसायला. माणसं दिवसभर नुसती बसून असतात म्हणे, कुणी उठवत नाही." तो दम घ्यायला थांबला. "पोरीच्या घरापासून लांब आहे का गं? म्हणजे मला चालत जाता येईल का, एवढंच."

"बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती रडली. नव्या चादरीत तोंड खुपसून, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा बेताने रडली. तीन आठवडे ती या माणसाच्या मरणाची सोय शोधत होती. गावातले सगळेच तिच्याबरोबर तेच शोधत होते. आणि हा भिंतीकडे तोंड करून झाडाखालचा दगड शोधत होता. त्याला जगायचं होतं. त्याने ते कधी म्हटलं नव्हतं, कारण तिच्या एकतीस वर्षांचं काय होईल हे त्यालाही कळत होतं.

आदल्या दिवशी ठरवलेलं 'नाही' आता तोंडातून निघेना, आणि 'हो' म्हणायला धीर होईना. संध्याकाळी मेस्ताऊतने विचारलं तेव्हा ती उद्या सांगते म्हणाली. ताटातली इंजेराची भाकरी दोघींनी अर्धी टाकली.

शुक्रवारी सकाळी गल्लीच्या टोकाला तंबू उभा राहिला. कुणी निवृत्त मास्तर गेले होते. येशी साबण आणायला निघाली होती. तंबूच्या मागच्या अंगाला तीन चुली मांडल्या होत्या, बायका जमल्या होत्या आणि जमिनीवर लाल कांद्यांचा ढीग ओतला होता. ती थांबली. मग साबणाचे पैसे कमरेला खोचून सरळ आत गेली, पडलेली एक सुरी उचलली आणि ढिगापाशी बसून कांदे सोलायला लागली.

मयताच्या कामाला आलेल्या बाईला कुणी अडवत नाही, हवासालाही नाही. मेर्सात कांदे सोलणं हे नव्या सुनांचं काम. येशीने या कामाला वीस वर्षांत हात लावला नव्हता. आता ती मान खाली घालून सोलत राहिली. एक-दोघी तिच्याकडे पाहून हसल्या, एकीने पाणी दिलं, बाकीच्या आपापल्या बोलीत बोलत राहिल्या. मोठ्या पातेल्यावर ताडेलेच नावाची एक जाडजूड बाई होती, खांद्यावर टॉवेल टाकलेली, सगळ्यांवर खेकसणारी. दुपारी मसुरीची आमटी खाली लागायला लागली. येशीला तो वास बसल्या जागी कळला आणि हात नुसता शिवशिवला. पण पळी तिची नव्हती.

पहिली पंगत उठल्यावर ताडेलेच चहाचा पेला घेऊन तिच्याजवळ येऊन बसली.

"कुठल्या तुम्ही?"

"मेर्साच्या. वोल्लोकडच्या."

"मास्तर तुमचे कोण?"

"कुणी नाहीत. आम्ही इथे राहायला येणार आहोत. म्हटलं, ओळखपाळख होईल."

ताडेलेचने सोललेल्या कांद्यांकडे पाहिलं. सकाळपासून एका बाईने सोलले त्या मानाने ते फार होते.

"आजारी कोण आहे?" तिने विचारलं.

येशीची सुरी थांबली. खोटं बोलायचं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं, तब्येतीने सगळे ठणठणीत आहोत असं. पण ते जमलं नाही.

"मालक. मूत्रपिंडं गेलीत."

"हं." ताडेलेच चहा फुंकून प्यायली. "महिन्याला एखादी-दुसरी येते तुमच्यासारखी. कुठून कुठून येतात बिचाऱ्या, इस्पितळासाठी. तंबू दिसला की आत शिरतात आणि कांदे सोलायला बसतात. कुणी सांगितलेलं नसतं, पण बसतात कांद्यांपाशीच."

येशीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिला वाटलं होतं, हे सुचलं ते आपल्यालाच.

"मग त्यांचं काय झालं?"

"काहींनी सहा महिने काढले. एकीचा नवरा अजून आहे, प्रत्येक बैठकीत भांडतो मेला."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या पुन्हा दिसल्या नाहीत." ताडेलेचने पेला खाली ठेवला. "नियम वाईट आहे हे काय मला कळत नाही? पण एका वर्षी सत्तावीस मयतं उचलली आम्ही, त्यातली बारा कधी डोळ्यांनी न पाहिलेल्यांची. आमचेही खांदे आहेत हो."

"आमचे मालकही हेच म्हणायचे," येशी म्हणाली.

साडेचारला मेस्ताऊतचा फोन आला. येशीचे हात कांद्याने चिकट झाले होते, म्हणून तिने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. आई, इथली माणसं आवरायला लागलीत, मी दारात उभी आहे, काय सांगू, असं पोरगी विचारत होती. येशीने तंबूकडे पाहिलं. आत मास्तरांच्या बायकोला चौघीजणी धरून बसल्या होत्या.

"हो सांग," ती म्हणाली.

"नक्की ना?"

"सांग म्हटलं ना."

आपण काही ठरवलं असं तिला मुळीच वाटलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी काहीतरी हातचं जाणारच होतं, आणि त्यातलं एक तिने तोंडाने म्हटलं होतं, एवढंच. तिने फोन खाली ठेवला आणि ताडेलेचकडे वळली.

"आमचं नाव आजच घालता येईल का? म्हणजे सहा महिने आजपासून धरतील."

"लिहिणारा रविवारी येतो. प्रार्थना झाल्यावर."

येशीने लाल पडलेल्या बोटांवर शनिवार मोजला, रविवार मोजला.

"म्हणजे सहा महिने आणि दोन दिवस," ती म्हणाली.

ताडेलेच गुडघ्यावर हात टेकून उठली. पातेल्याकडे जाता जाता ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, "सांगा तुमच्या मालकांना, दोन दिवस जास्त काढायचेत."