मुकादमाने झटकलेला ताप

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पोटात पारा असलेला. माझं उभं आयुष्य लोकांच्या तोंडांत आणि काखांत गेलं, तेव्हा माझ्याकडून फार गोडगोड ऐकायची अपेक्षा ठेवू नका. मला शिसारी लवकर येते.

माझा जन्म मात्र स्वच्छ जागी झाला. एका कारागीर बाईने तापलेली काच ओढून माझी केसाएवढी बारीक नळी केली. मग अंगावर रेघा कोरून मला कोमट पाण्यात बुडवलं आणि ती म्हणाली, "हा बरोबर सांगतो." त्या एका वाक्यावर मी पुढे किती वर्षं काढली, ते माझं मलाच ठाऊक.

तिथून मी आलो एका मोठ्या धुलाईघरात. इस्पितळांच्या चादरी इथे धुवायला येत. औषधांच्या कपाटाची किल्ली मुकादमाकडे असायची. हा माणूस मला एकाच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. मध्ये पुसायचा तो स्वतःच्या रुमालाने, आणि त्याच रुमालात त्याने नुकतंच नाक शिंकरलेलं असायचं. कोणाच्या दातांत कालचं जेवण, कोणाच्या जिभेवर तंबाखूचा थर. मला ओकारी येत नाही, कारण मला घसा नाही. तेवढीच देवाची कृपा.

त्या धुलाईघरात दोन जावा कामाला लागल्या. त्यांचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही लांब बांधकामावर. इथली भाषा पोर्तुगीज आणि या दोघींना तिचं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या जेवणघरात शिकायला बसत. शिकवायला मराठी येणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई येत. माझं कपाट त्याच भिंतीला होतं, त्यामुळे मीही थोडं शिकलो.

धाकटीला काम मिळालं मळके कपडे निवडायचं. ते मी कपाटाच्या काचेतून पाहायचो. गाठोडं सोडलं की आत रक्त, पू, ओकारी, कधी त्याहून वाईट. हातमोजे मागितले तर मुकादम म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." एके दिवशी एका चादरीत फुटलेली औषधाची कुपी निघाली आणि धाकटीचं बोट कापलं. तिने नळाखाली धरलं, चिंधी बांधली आणि पुढचं गाठोडं सोडलं.

दोन दिवसांनी ती हुडहुडत मुकादमासमोर उभी राहिली. आठवेल तसं म्हणाली, "सो फेब्र."

मुकादम पोट धरून हसला. इस्त्रीवाल्यांनाही बोलावून त्याने तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. मग मला तिच्या तोंडात कोंबलं. माझा पारा सरसर चढला, एकोणचाळीसाच्या रेघेला टेकला. माझ्या रेघा सेल्सिअसच्या; छत्तीस-सदतीस म्हणजे ठीक, एकोणचाळीस म्हणजे सणसणीत ताप. मुकादमाने मला बाहेर काढलं, तिच्याकडे पाठ केली, मनगटाने दोन झटके दिले आणि मग वाचलं, "छत्तीस. जा कामाला."

मित्रांनो, झटका दिला की आमचा पारा खाली उतरतो. ते नव्या रोग्यासाठी असतं. तापलेल्या बाईला खोटं पाडायला नसतं. त्या दिवशी मला त्याच्या रुमालापेक्षा त्याच्या मनगटाची जास्त किळस आली. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच केलं.

त्या संध्याकाळी धाकटी वर्गात टेबलावर डोकं टेकून बसली होती. थोरलीने विचारलं, "तू त्यांना नेमकं म्हणालीस तरी काय?"

तिने सांगितलं. मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, 'सो' म्हणजे मी कायमची अशी. तू त्याला सांगितलंस, मी ताप आहे. 'श्तो कों फेब्र' म्हणायचं. आत्तापुरती मी तापाबरोबर आहे."

"मी ताप आहे, हे तर ते रोजच म्हणतात, जाऊबाई," धाकटी डोकं न उचलता म्हणाली.

थोरली हसली नाही. तिने जावेच्या बोटाची चिंधी सोडली. बोट काळंनिळं सुजलेलं, आणि जो वास आला तो मला कपाटाच्या फटीतूनही लागला. "हे तीन दिवस लपवलंस? आणि तो छत्तीस म्हणतो?" मग ती मास्तरीणबाईंकडे वळली. "बाई, मला चाळीसपर्यंत आकडे घोटून द्या. आत्ता."

सकाळी मुकादमाने कपाट उघडलं तशी थोरलीने त्याच्या हाताखालून मला उचललं. साबण लावून धुतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला जावेच्या काखेत धरून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभी राहिली. मुकादम ओरडत होता, पण तिने मान वळवली नाही. मला काढल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "एला श्ता कों फेब्र. त्रिंता ई नोव."

एकोणचाळीस. मुकादमाने हात पुढे केला. थोरलीने मला पाठीमागे घेतलं आणि मळके कपडे घेऊन नुकत्याच आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरसमोर धरलं. तो याच गावचा माणूस. मास्तरीणबाई फळ्याकडे बोट दाखवून रोज एक शब्द म्हणत, तोच ती त्याला म्हणाली. "लेया." म्हणजे वाचा.

ड्रायव्हरने मला उजेडात फिरवून वाचलं. "साडेएकोणचाळीस," तो म्हणाला. मग त्याने ते बोट पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मुकादमाला म्हणाला, "गाठोडी तू उतरव. मी हिला घेऊन चाललो."

इस्पितळात बोट चिरून पू काढला. आणखी एक दिवस गेला असता तर हात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. धाकटी तीन आठवड्यांनी परत आली. ते बोट आता वाकत नाही. मुकादमाला कोणी काढलं नाही, पण मास्तरीणबाई मालकाला जाऊन भेटल्या आणि कपाटाची किल्ली थोरलीकडे आली. हातमोजेही आले.

आता माझ्या जागी बटणवाला थर्मामीटर आलाय. मी खणात पडून आहे, एका दात मोडलेल्या कंगव्याशेजारी, आणि त्याच्यातल्या केसांबद्दल मी बोलत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला साबणाने धुवा. आणि कोणी चुकतमाकत, मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की अंगात ताप आहे, तर आधी व्याकरण तपासू नका. कपाळावर हात ठेवा. मला मागाहून काढलंत तरी चालेल.