डावा पीळ

वामन मास्तरांनी दोरीचे दोन तुकडे ओट्यावर ठेवले, तेव्हा सोजरबाईने तुकड्यांकडे पाहिलंच नाही. आधी तिने मागे वळून आतल्या खोलीचं अर्धं लोटलेलं दार पुरतं ओढून घेतलं. मग पदराला हात पुसत ती समोर येऊन बसली.

"हळू बोला मास्तर. घरचे जागे हायेत."

"हळूच बोलतोय. पण रोजच्या पाचशे उड्यांत ही तिसरी दोरी गेली, सोजरबाई. एका महिन्यात तिसरी. काल मोतीलाल तोंडावर आपटला. पाडव्याला खंडव्याला कुस्ती, साहेब बघायला येणार, आणि आमचा पहेलवान ओठाला हळद लावून बसलाय."

"कुठी तुटली?"

"मुठीपाशी. आधीच्या दोन्ही मधोमध तुटल्या होत्या." मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मुंबईला एक दुकान आहे, साहेबलोकांच्या खेळाचं सामान ठेवतं. तिथून मागवून घेतो आता. चामड्याची मिळते म्हणे."

"आठ दिस द्या."

"अहो, पण..."

"आठ दिस. अन् कोनाले सांगू नका, तुटली म्हनून."

मास्तर तुकडे उचलून उठले. "कौतिकचा दोर म्हणून आलो होतो मी तुमच्याकडे," एवढंच म्हणाले. त्यांच्या मनात टोमणा नव्हता, पण लागायचं तिथे तो शब्द लागला.

छत्तीस साल असेल ते, फार तर सदतीस. लोधीपुऱ्याच्या वस्तीत तेव्हा एखाद्याच्या शब्दाची खात्री द्यायची तर लोक म्हणत, "कौतिकचा दोर आहे." सोजरबाईचा नवरा कौतिक मूळचा निंबोल्याचा. मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीतून पाणी ओढायचा दोर, वळण्यात त्याचा हात बसला आणि तो शहरात येऊन दोर वळूनच पोट भरू लागला. नाडे, कासरे, दावी, खाटांचं सुंभ, सगळं त्याच्याकडे मिळे. शाहपूरकडचे केळीवाले शेतकरी बाजाराला आले की त्याच्या ओट्यावर टेकल्याशिवाय गाडी जुंपत नसत. तीस वर्षांत त्याच्याकडे तुटका दोर घेऊन कोणी आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं. जीभ महिनाभराने सुटली, हात सुटला नाही. तेव्हापासून सोजरबाई लोकांना सांगे, "निंबोल्याहून दगा भावजी वळून धाडतात." नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं होतं. दगा हा कौतिकचा धाकटा भाऊ. तो खरोखर पाठवायचा तो फक्त अंबाडीचा वाक, सालीचा कच्चा धागा. वळायची ती. दुपारी कौतिकचा डोळा लागला की परसातल्या निंबाला पीळ द्यायची फिरकी अडकवायची आणि एकटीने पेड घालायचे.

खोटं बोलायला कारण होतं. सोजरबाई डावखुरी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने हौसेने एक कासरा वळला होता. तिच्या हाताने पेड उलट्या अंगाला पडले. कौतिकने तो कासरा हातात घेतला, बोटाने चाचपला आणि चुलीत घातला. "डाव्या हाताचं दावं जनावराले लाभत नाई. गिऱ्हाइकाले कळलं त ओट्यावर कुत्रं चढनार नाई." पुढे तीस वर्षं तिने फक्त फिरकी फिरवली, तीही उजव्या हाताने. त्याचा हात गेला तेव्हा आपला हात कसा चालतो हे तिने मुद्दाम ठरवलं नाही. तो आपल्या डाव्या वळणानेच चालला.

आता तो दोर तुटला होता. नाव मात्र कौतिकचं होतं.

तिने पहिली चूक केली ती दोर वळणाऱ्या कुठल्याही माणसाने केली असती. दोर तुटतो म्हणजे बारीक पडला. तिने अंबाडीचे चार पेड घेतले, करंगळीएवढा जाड आणि लाकडासारखा कडक दोर वळला आणि तिसऱ्या दिवशी तो घेऊन स्वतःच तालमीच्या मागच्या मैदानावर गेली.

अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घेऊन आल्यापासून वामन मास्तरांना दमाचं वेड लागलं होतं. मोतीलालच्या अंगात बैलाचं बळ, पण पाच मिनिटांत तोंडाला फेस. म्हणून मास्तरांनी त्याला दोरीवरच्या उड्यांना लावलं. रोज पाचशे. सुरुवातीला अख्खी तालीम हसली होती. हा पोरींचा खेळ, आता खेळायला गजगेही आणा म्हणाले. मग मोतीलालचा दम खरंच वाढला आणि हसणं थांबलं.

मोतीलालने नवा दोर घेतला, फिरवला, आणि चौथ्या उडीला तो त्याच्या नडगीवर असा बसला की तो एका पायावर नाचला.

"बाई! ये दोरी है की मोटेचा नाडा? मास्तर, कुस्ती राहू द्या, मलाच खुंट्याला बांधून टाका!"

"बांधलं असतं," सोजरबाई म्हणाली, "पन तुले चारा कोन घालीन?"

पोरं हसली. मोतीलालही ओठ सांभाळत हसला. पण दोर त्याने खाली ठेवला, आणि मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं ते दया आल्यासारखं पाहिलं. ते तिला हसण्यापेक्षा जड गेलं.

ती घरी गेली नाही. मैदानाच्या कडेला दगडावर बसली. "तुमची ती तुटकी गाठ मारून वापरा थोडी. मले पाहू द्या."

मोतीलाल गाठ मारलेल्या जुन्या दोरीवर उड्या मारत राहिला आणि ती पाहत राहिली. दर वेळी दोरीचा तोच वीतभर तुकडा मुरमावर घासत होता. बाकीची दोरी नवीच्या नवी, तेवढा तुकडा मात्र दाढीसारखा पिंजलेला. आणि मुठींपाशी तिला आणखी एक दिसलं. मोतीलालने दोरी घट्ट आवळून धरली होती. दोरी फिरे, मूठ फिरत नसे. एका मुठीशी पीळ चढत चढत अढी पडत होती, दुसऱ्या मुठीशी पेड सुटे होत होते.

खुंट्याभोवती गोल गोल फिरणारं वासरू तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्याच्या दाव्यालाही असाच पीळ चढतो. म्हणून तर दाव्यात भोवरकडी घालतात. जनावर फिरलं की ती लोखंडी कडी फिरते, दावं सरळ राहतं.

ती उठली तेव्हा मास्तर म्हणाले, "आणखी पाच दिवस, सोजरबाई. मग मी मुंबईला पत्र टाकणार."

घरी म्हशीच्या रिकाम्या गोठ्यात एक भोवरकडी खुंटीला लटकत होती. म्हैस कौतिकच्या औषधपाण्यात गेली होती. ती कडी घेऊन सोजरबाई यादव लोहाराकडे गेली. "अश्याच दोन पाह्यजेत. पन लहान. बोराएवढ्या."

"उंदीर बांधते का काय, बाई?"

"पहेलवान बांधते."

मुठींसाठी तिने शेजारच्या विणकराकडून सूत गुंडाळायच्या दोन मोडक्या लाकडी बाबिणी मागून आणल्या. त्यांना आरपार भोक असतंच. त्याच्याकडूनच मागावर उरलेल्या सुताचा गुंडा घेतला. दोरीच्या पोटात अंबाडीचा एक बारीक पेड, ताणाला, आणि वरून सुताचे तीन, मुरमावर घसरायला. वजन हातात घेऊन पाहिलं, कमी वाटलं, उकललं, पुन्हा वळलं.

मधला तुकडा झिजणार तो झिजणारच. त्याला तिने कौतिकचाच उपाय केला. मोटेचा नाडा चाकावर एकाच जागी घासतो, म्हणून कौतिक शेतकऱ्यांना बजावायचा, दर अमावास्येला नाडा सरकवा, टोकं उलटी करा. दोर तुटत नाही, दोराची एक जागा तुटते. सोजरबाईने दोरी गरजेपेक्षा दोन हात लांब ठेवली आणि जास्तीची एका मुठीशी गुंडाळून बांधली. आठ दिवसांनी एकीकडून थोडी सोडायची, दुसरीकडे तेवढी आवळायची. मातीला दर आठवड्याला नवी जागा.

ती दोरी पुढे तालमीत सहा वर्षं चालली. मोतीलालची खंडव्याची कुस्ती बरोबरीत सुटली. पाऊण तास चालली आणि तो धापा न टाकता उभा होता, हेच तालमीला जिंकल्यासारखं वाटलं. मुंबईला पत्र गेलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्याआधीची एक दुपार सांगायची राहिली.

आठवा दिवस उद्यावर आला होता. दोरी तयार होती, पण पहेलवानांसमोर पुन्हा तुटली तर काय, हा विचार सोजरबाईला बसू देईना. पाचशे उड्या टिकली तरच द्यायची, असं तिने ठरवलं. मारणार कोण? तिने परसाचं दार लावलं, आत डोकावून पाहिलं. कौतिक डोळे मिटून पडला होता. तिने पदर खोचला, काष्टा वर ओढून घेतला आणि निंबाखाली उभी राहिली. पन्नाशी उलटलेली बाई. लहानपणी माहेरच्या विहिरीवर तुटक्या कासऱ्यावर उड्या मारल्या होत्या, त्यानंतर आजच.

पहिल्या दहा अडखळत झाल्या. मग पायांना आठवलं. दोरी हलकी सुटत होती, मातीवर टेकून पुढे जात होती, मुठीतल्या कड्या किरकिरत फिरत होत्या. पीळ चढत नव्हता. तिला हसू आलं आणि ते हसू दाबताना श्वास चुकला.

"सोजर."

ती जागीच थांबली.

"काय चाललं परसात?"

"काही नाई. वाक झोडून ऱ्हायले."

"वाक झोडतांनी जोडवी वाजतात का?"

ती आत गेली. दोरी पदराखाली धरली होती, तरी एक बाबीन खाली लोंबत होती. कौतिकने डावा हात पुढे केला. "आन इकडं."

त्याने दोरी छातीवर घेतली आणि डावा अंगठा तिच्यावरून सावकाश सरकवला. भोवरकडी फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली.

"वरून सूत. आत अंबाडी."

"हो."

"दगानं धाडली?"

"हो," ती म्हणाली.

"दगा उजवा हाये." अंगठा दोरीवर थांबला. "हा डावा पीळ हाये."

सोजरबाई खाटेच्या पायाशी उभी होती. चूल तीन हातांवर होती. तिला तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा तो कासरा कसा धुमसला होता तेही आठवलं.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

कौतिकचा हात दोरी सोडून खाली गेला. खाटेच्या सुंभावरून त्याने बोटं फिरवली. तो आजारी पडला त्या महिन्यात जुनं सुंभ काढून तिनेच हे भरलं होतं, दगा भावजींनी धाडलं म्हणून.

"दोन वरसं मी निजतो कश्यावर?"

"मंग बोलले काहून नाई?"

"काय बोलाचं? खाट ढिली झाली असती त बोललो असतो."

बाहेर निंबावर कावळा ओरडत होता. सोजरबाईने पदराने तोंड पुसलं. घाम होता, तोही पुसला गेला.

"मास्तरची रोजची पाचशे ना?" कौतिक म्हणाला. "दार लोटल्यानं मानसाचे कान बंद नाई व्हत. तुह्या किती झाल्या?"

"मोजल्या नाईत."

"मी मोजल्या. अठ्ठेचाळीस. मधी दोनदा अडकली." त्याने दोरी तिच्या हाती दिली. "जाय. दार उघडं ऱ्हाऊ दे."

ती परसात गेली. निंबाखाली उभी राहिली, पाठ दाराकडे करून. दोरी फिरली आणि आतून जड जिभेचा आवाज आला, "एकोनपन्नास." मग "पन्नास." तो तीस वर्षं दोराचं एक टोक धरून बसायचा आणि ती दुसऱ्या टोकाला फिरकी फिरवायची. तेव्हाही तो असाच मोजायचा, किती हात झाला ते.

दोनशे बाराला तिचा दम संपला. ती निंबाला धरून उभी राहिली.

"दोनशे बारा," कौतिक आतून म्हणाला. "इसावा घे. पानी पी. मी आकडा धरून ठेवतो."

तिने माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायली, तांब्या पालथा घातला. दोरी पाहिली. कुठे पिंजली नव्हती. ती पुन्हा निंबाखाली आली, काष्टा आवळला.

तिने दोरी उचलली आणि फिरवली.

"दोनशे तेरा."