दोन पायांची गाजरं

खोऱ्यातल्या शाळांनी आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरानं अखेर कबूल केलं होतं, की न नांगरलेल्या शेतांतली भाजी घेऊ, वाकडीतिकडी असली तरी घेऊ. नांगर थांबला की माती आपली आपण मऊ व्हायला काही वर्षं घेते. तोवर गाजरं फाटे फोडणारच. भाजीकोठाराच्या मुकादमानं सकाळीच निवडणाऱ्या बायांना हे बजावलं. थोरलीनं सगळ्यांत आधी मान डोलावली. असं न नांगरलेलं एक शेत तिच्या धाकट्या बहिणीचंच तर होतं. गाव हसलं तरी धाकटी गुणगुणत वाफ्यांवर पाचोळा पसरायची:

जागी होते गं माती, होऊ दे तिला हळू
गाजराला दोन पाय, नको तू नाक मुरडू

पण थोरलीचा उभा जन्म निवडण्यात गेलेला. सरळ गाजर पेटीत, वाकडं गुरांच्या ढिगात. कान शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलेल्या सुनेच्या कागाळ्यांकडे, आणि हात आपले चाललेले.

दुपारी धाकटी रिकाम्या पेट्या न्यायला आली नि ढिगापाशी थबकली.

"ताई, ही माझी ना?"

थोरलीनं खाली पाहिलं. "अगं बाई! हाताची सवय गं मेली! थांब, वेचते सगळी."

"राहू दे. गुरांना तरी गोड लागतील," म्हणत धाकटी हसली. लहानपणी खेळात घेतलं नाही, की ती अशीच हसायची.

थोरलीनं ढीग उपसला, एकेक गाजर पुसलं, संध्याकाळच्या गाडीनं दवाखान्यात धाडलं. बहिणीला जाऊन सांगायचं तेवढं राहिलं. आज जाऊ, उद्या जाऊ. कोणत्या तोंडानं जाऊ?

अखेर आठवड्यानं गेली, तेव्हा धाकटीच्या शेतात भाड्याचा ट्रॅक्टर फिरत होता. उलथलेल्या मातीत गांडुळं वळवळत होती, आणि मागोमाग पाखरांची झुंबड.

"अगं, हे काय केलंस! तुझी गाजरं गेली की दवाखान्यात. स्वयंपाकीण म्हणाली, आणखी पाठव."

धाकटीनं उलथलेलं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस, ताई? मला वाटलं, सख्ख्या बहिणीला जी नकोशी, ती परक्याच्या घशाखाली कशी उतरणार?"

"आता गं?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. माती रुसली की लवकर बोलत नाही."

ट्रॅक्टरवाल्यानं मान बाहेर काढली. "बाई, बांधालगतची पट्टी राहिलीये. तीही नांगरू ना?"

"नको," थोरली म्हणाली. उशिरा आलेला तो शब्द आता चार हात जमिनीच्याच कामाचा उरला होता.