विसावी चूल

केलादर या डोंगरातल्या गावात वीस चुली, म्हणजे वीस कुटुंबं होती, तोवर गावाला स्वतःचा कारभारी ठेवता येत होता. त्याखाली आकडा गेला की गाव दरीतल्या मोठ्या गावाला जोडायचं, असा नियम. कारभारीण होती फरंगीस. तिच्या ताब्यात कचऱ्याची एक गाडी आणि बर्फ सारायचा एक ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टर दरीत गेला, तर हिवाळ्यात केलादरचा रस्ता सगळ्यात शेवटी मोकळा होणार, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणि नेमकी जनगणना तोंडावर आली असताना खावरखाला आणि तूबाखाला एक झाल्या.

दोघी सख्ख्या बहिणी, दोघी विधवा, अंगण एकच. बापाच्या अक्रोडाच्या झाडावरून त्यांनी वेगळ्या चुली मांडल्या, त्यालाही इतका काळ लोटला की झाड वाळून गेलं होतं. दर नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, धाकट्या तूबाला थोरल्या खावरच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं काम फरंगीसच करत आली होती. यंदा पानगळीला तिच्या कष्टांना यश आलं. दोघी एका दस्तरखानावर जेवू लागल्या. सरकारी हिशेबात एकत्र जेवतील ते एक कुटुंब. म्हणजे चुली एकोणीस.

 दोन दिवसांनी फरंगीस त्यांच्या अंगणात जाऊन बसली.

"खाला, गणती होईपर्यंत वेगळं जेवा. नुसतं दाखवायला."

"आधी गोडी लावायची, मग तूच काडी टाकायची?" खावर म्हणाली. "अगं, ठरव एकदा."

"भांडायला आम्ही विसरलोय थोडंच," तूबा हसली. "पण माझं धुराडं चिमण्यांनी बुजवलंय. ते साफ करून दे, मग बघू."

फरंगीसने शिडी लावली. काड्या, पिसं आणि काजळी घेऊन ती खाली उतरली तेव्हा दोघी तिच्या तोंडाकडे बघून हसत होत्या.

गणतीला आलेला पूरहसन शहरातला, शांत स्वभावाचा माणूस. अंगणातल्या कट्ट्यावर बसून त्याने चहा घेतला, गुडघ्यावर टॅबलेट ठेवला.

"जेवण एकत्र की वेगळं?"

"वेगळं," खावर म्हणाली.

"सख्ख्या बहिणी, एका अंगणात, आणि वेगळं? का बरं?"

संशय नव्हता, आपुलकीच होती. या प्रश्नाची तयारी मात्र फरंगीसने करून घेतली नव्हती.

"झाडावरून," खावर म्हणाली. "बापाने मला दिलेलं. हिने अर्धे अक्रोड झोडून नेले."

"अर्धे माझेच होते," तूबा अजून हसतच होती. "बाप आजारी होता तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? तू सासरी होतीस."

"मला निरोप कुणी धाडला? तू धाडलास?"

तूबाचं हसू गेलं. तिने चहाचा पेला खाली ठेवला, स्वतःची साखरदाणी उचलली आणि आपल्या दारातून आत गेली. पूरहसनने अवघडून फरंगीसकडे पाहिलं, आणि दोन कुटुंबं नोंदवली.

ट्रॅक्टर केलादरमध्येच राहणार होता. संध्याकाळी फरंगीस अंगणाशी आली तर दोन्ही धुराड्यांतून धूर निघत होता. सकाळी खोटं म्हणून सांगितलेलं आता खरं झालं होतं. ती कट्ट्यावर बसली.

"पोरी, आत ये, गरम आहे," खावरने हाक दिली.

"तिच्या हातच्याला मीठ नसतं," दुसऱ्या दारातून आवाज आला. "इकडे ये."

"मी इथेच बसते," फरंगीस म्हणाली.

"गारठून जाशील."

"जाईन."

अंगणात आलेला माणूस उपाशी बसून राहिला, तर ती नामुष्की दोन्ही घरांची. फरंगीस ते जाणून होती. तिने शाल कानांवर ओढून घेतली. बऱ्याच वेळाने खावर वाडगा घेऊन बाहेर आली. तूबा रोट्या घेऊन आली, पण बसली नाही.

"चाखून सांग, मीठ आहे की नाही," खावर म्हणाली.

"मला काय विचारतेस? मीठ नसतं म्हणाली तिला विचार," फरंगीस म्हणाली.

खावरने विचारलं नाही. वाडगा मात्र कट्ट्याच्या कडेला, तूबा उभी होती तिकडे सरकवला. तूबाने रोटीचा तुकडा मोडला आणि उभ्याउभ्याच बुडवून खाल्ला.

"कमीच आहे," ती म्हणाली.

खावर मीठ आणायला आत गेली.